डुप्लिकेट कार्ड

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारीने मनाचं लावलं. मी होते. माझी सून होती, तिच्या कंप्युटरसमोर खुर्चीवर. माझी नणंद होती. ती पापड लाटायला म्हणून आली होती आणि पापड वाळून डब्यात गेले तरी गेली नव्हती. मुलगा होता, पण फोनमध्ये, कारण तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात राहतो. आणि घरधनी होते, भिंतीवर, फोटोत. नात शाळेत गेली होती म्हणून तिला धरत नाही. एवढेच.

मी खाली बसून लसूण सोलत होते. सून एकदम ओरडली, "आत्याबाई, कार्ड जळी गयं!"

लसणाचं ताट कुठे गेलं ते मला माहीत नाही. माझे गुडघे दुखतात, उठताना मी भिंत धरते, पण त्या दिवशी भिंत धरल्याचं आठवत नाही. आतल्या खोलीत गेले, पेटीवरच्या गोधड्या खाली टाकल्या, कुलूप काढलं, साड्या उपसल्या. तळाला पिशवी होती, पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये रेशनकार्ड. चांगलं होतं. पिवळं, कोरडं, धडधाकट. मी ते छातीशी धरलं आणि खालीच बसले.

सून मागे आली. "आत्याबाई, काय व्हयनं? हाई काय करी ऱ्हायनात?"

"तूच म्हने ना, कार्ड जळनं. हाई देख, चांगलं शे."

"ते कार्ड नही व माय! कंप्युटरनं कार्ड!"

बाहेरून नणंदेचं हसणं ऐकू आलं. तिचं हसणं म्हणजे पत्र्यावर हरभरे पडल्यासारखं. "व वहिनी, तू रेशन वाचाडाले पळनी, नि तुन्ही सूननं रेशन तठेच जळी गयं!"

तेव्हा मला राग आला. पण ती बोलली ते खरं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

मी का पळाले ते सांगते, नाहीतर तुम्हीही हसाल.

मुलगा लहान होता तेव्हा आम्ही दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला गुजरातेत जायचो. बारडोलीकडे. मुकादम खांडबाऱ्याला ट्रक आणायचा, त्यात भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं एकात एक. तिथे शेताच्या कडेला पडाव असायचा. पडाव म्हणजे आमच्या झोपड्या. वर उसाचं पाचट, बाजूलाही पाचट. कार्ड घरी ठेवलं तर उंदीर खातील म्हणून मी पत्र्याच्या पेटीत घालून संगे नेलं होतं. शहाणपणा केला होता.

एका दुपारी कोणाच्या तरी चुलीची ठिणगी उडाली. आम्ही सगळे फडात. धूर दिसला तोवर चार झोपड्या बसल्या होत्या. पोरं झाडाखाली होती, सगळी सापडली, म्हणून त्या दिवसाबद्दल मी देवाशी भांडत नाही. मी झोपडीत घुसून पेटी ओढली. पत्रा तापला होता. हाताचं कातडं पेटीच्या कडीला राहिलं. अजूनही माझी उजवी मूठ पूर्ण मिटत नाही. गावी आल्यावर चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बदलून घेतल्या, त्यांनी चांगलं केलं, बोटं राहिली.

पेटीत कार्ड जळून गेलं होतं. एक कोपरा राहिला होता, दोन बोटांएवढा. त्यावर अर्धा शिक्का आणि नंबराचे चार आकडे. घरधनी म्हणाले, फेक ते. मी फेकलं नाही. माझी आई म्हणायची, फुटलेल्या बांगडीचाही तुकडा ठेवावा, कासाराला माप दाखवायला होतो. मी तो कोपरा पदराच्या गाठीत बांधला.

कार्ड नाही तर धान्य नाही, रॉकेल नाही. तो पावसाळा आम्ही नागली आणि वाळवलेल्या महूफुलांवर काढला. शेजारीण तिच्या कार्डावरचं रॉकेल वाटीने द्यायची. कचेरीत गेलो तर कारकुनाने विचारलं, "जळालं कशावरून? जळालेलं कार्ड दाखवा." रांगेतली माणसं हसली. जळालेलं कार्ड कसं दाखवणार? मी पदराची गाठ सोडली आणि कोपरा टेबलावर ठेवला. कारकून हसला नाही. त्याने चष्मा वर केला, आकडे वाचले, मोठं रजिस्टर काढलं आणि शोधत बसला. काही महिन्यांनी नवं कार्ड मिळालं. त्यावर लाल शाईचा शिक्का होता. घरधन्यांनी विचारलं, "साहेब, हे काय लिहेल शे?" साहेब म्हणाला, "डुप्लिकेट. म्हणजे दुसरं, पण खरं."

डुप्लिकेट. दुसरं, पण खरं. मी दोन इयत्ता शिकलेली बाई. इंग्रजी शब्द मला तेवढा एकच नीट आला, आणि तोही सरकारने शिकवलेला.

आता कंप्युटरचं सांगते.

सून बारावी झालेली आहे, नंदुरबारला कंप्युटरचा क्लासही केलेला. नात झाल्यावर तिने घरात एक जुना कंप्युटर आणवला. लग्नाचं शूटिंग करणारा एक कॅमेरावाला तिला चिपा आणून देतो. ती त्यातलं नको ते काढते, हवं ते ठेवते, गाणी लावते, नवरा-नवरीचं नाव फुलांतून बाहेर येतं असं काही करते. त्याला ती मिक्सिंग म्हणते. मी म्हणते, निवडणं. मिरची निवडतात तसं लग्न निवडायचं. मी बरीच वर्षं नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम केलं. ऊस सोडला तो तेव्हाच, पण दिवाळीनंतर चूल घेऊन पथारीवर जावंच लागायचं. मैदानभर लाल मिरची पसरलेली, आणि आम्ही बाया कडेला बसून डेखं तोडत. डेखं म्हणजे देठ. तेव्हा आम्ही सगळ्या शिंकत शिंकत गाणी म्हणायचो. आज आठवलं की नाक चुरचुरतं, पण वाईट वाटत नाही.

तर कंप्युटर घरात आल्यापासून आमच्या घराची चूल दिवाळीनंतर हलली नाही. ही गोष्ट कोणाला लहान वाटेल. माझा मुलगा चौथीपर्यंतच शिकला, कारण दरवर्षी अर्धी शाळा तो पडावात असायचा. नात आता पाचवीत आहे आणि तिचा एक दिवस बुडालेला नाही.

म्हणून सून म्हणाली कार्ड जळालं, आणि मग समजावून सांगितलं की कार्ड म्हणजे ह्या पेटीचा डोळा. पेटी चालते, पंखा फिरतो, पण दिसत काहीच नाही. आधी पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आले, मग रेघा, मग काळं. ती म्हणाली, "काही पेट्यासले दोन डोळा ऱ्हातस. आपलीले एकच व्हता."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्याने सगळं ऐकलं. तो वाईट नाही, पण बापासारखा लवकर गाडी भरायला निघतो. म्हणाला, "आई, तो डब्बा ईकी टाक. मी रविवारी येस, तिले नि पोरले लई जास. आठे साड्या पॅक कराना काम शे. पोरनं नाव आठेच शाळामा टाकसूत."

"तठे गुजराती शाळा," मी म्हटलं.

"शिकी जाई ती."

"पडाव नही ऱ्हाता तर तूबी शिकी जाता," मी म्हटलं. मला वाटलं, बोलायला नको होतं.

नणंद म्हणाली, "मीबी येस सुरतले. साड्या देखाले."

संध्याकाळी सुनेने माळ्यावरची मोठी पिशवी खाली काढली, झटकली आणि खुंटीला अडकवली. भरली नाही. नुसती अडकवली. ती पिशवी मी ओळखते. दर दिवाळीनंतर मीही अशीच एक पिशवी आधी खुंटीला लावायची आणि मग दोन दिवस तिच्याकडे बघायची नाही.

कॅमेरावाल्याचं एक लग्न तिच्याकडे अर्धं पडलं होतं. शनिवारपर्यंत दिलं नाही तर तो पुढची कामं दुसऱ्याला देणार, असं त्याने सांगितलं होतं. तो बुधवार होता. तर शनिवारच्या आत डोळा बसवायचा, नाहीतर रविवारी पिशवी भरायची. इतकं साधं होतं.

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघी नंदुरबारला निघालो. निघताना मी म्हटलं, "जळेल कार्ड संगे ले."

"कसाले? ते मरी गयं."

"नवं लेवाले जुनं दखाडनं पडस."

"आत्याबाई, हाई तहसील नही शे."

"घे तर खरं."

तिने पेटी उघडली, खिळा फिरवून ते काढलं आणि माझ्या हातात दिलं. वीतभर हिरवी पाटी, त्यावर एक पंखा, पंखा जाम. मी वास घेतला. पडावातल्या पेटीतून आला होता तसाच वास. मी ते जुन्या पोलक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. नणंद दारात उभी होती. म्हणाली, "मढं संगे लीसन बजारमा चालन्यात दोन्ही."

नंदुरबारला स्टेशनवरून रिक्षा केली. बाजाराच्या रस्त्यावर मोठं कंप्युटरचं दुकान, काचेचा दरवाजा, आत गार हवा. सून आत गेली की तिचा आवाज बदलतो. शाळेतलं मराठी बोलते. "दादा, व्हिडिओ एडिटिंगसाठी स्वस्तातलं ग्राफिक कार्ड पाहिजे. चार जीबीचं." आमच्याजवळ किती होते ते सांगत नाही, सांगून काय वाढणार आहेत. स्वस्तातलं, एवढं पुरे.

दुकानदाराने एक खोका काढला. चकचकीत, वर राक्षसाचं चित्र. "नवीन आहे, सीलपॅक. चार जीबी. तुमच्या बजेटमध्ये ह्याच्यापेक्षा चांगलं कुठेच मिळणार नाही."

सुनेने खोका उलटसुलट केला. डोळ्यांत पाणी येईल इतकी ती खूश झाली होती. मला वाटलं, हिला दुकानात बोलायला लाज वाटते आहे की आमचं आधीचं जळालं आहे, त्याच्या बदल्यात पाहिजे. तहसीलमध्येही घरधनी आधी गुळमुळीत बोलायचे. म्हणून मीच पुढे झाले आणि मोठ्याने, नीट सांगितलं, "शेठ, आमले डुप्लिकेट कार्ड पायजे."

दुकानदाराचं तोंड असं झालं की जणू मी त्याच्या घरचं काही बोलले. "कोण म्हणालं डुप्लिकेट? कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्याकडे डुप्लिकेट माल नसतो, मावशी! नीट बोला!"

"अहो, मी नीटच बोलनू. आमनं पहिलं जळी गयं, म्हनीसन डुप्लिकेट."

सून माझा पदर ओढत होती. "आत्याबाई, आठे डुप्लिकेट म्हनजे नकली."

"नकली? शिक्का मारीसन देतस ना ते?"

सून हसायला लागली. तिने तोंडावर रुमाल धरला तरी हसू थांबेना. पण मी पथारीवर व्यापारी पाहिलेले आहेत. एखाद्या पोत्याला नुसता हात लावला आणि व्यापारी ओरडला, तर ते पोतं उघडून बघावं, असं आम्ही बाया आपसात म्हणायचो. मी म्हटलं, "बरं शेठ, चुकनू. आते हाई लाईसन दखाडा."

"काय?"

"पेटीमा लावा, नि चालस का ते दखाडा."

"सीलपॅक माल उघडत नाही. उघडला की तुमचा. परत घेत नाही."

हे बोलणं मला आवडलं नाही. घरधन्यांची एक सवय होती. रेडिओ दुरुस्त करून घेतला की दुकानातच वाजवून बघायचे, दोन गाणी पूर्ण ऐकायचे, मग हात जोडून उठायचे. मी सुनेला म्हटलं, "चाल."

"आत्याबाई, दुसरीकडे नही भेटनं तर? उद्या शुक्रवार शे."

"तर नही भेटनं."

रस्त्यावर आल्यावर ती हसत नव्हती. ती म्हणाली, "तुमना शब्दमुळे गयं ते." तिचं म्हणणं खरं असेल असं मलाही वाटत होतं. खोका चकचकीत होता, भाव बसत होता, आणि मी एका शब्दाने घालवला. ऊन चढत होतं. रसवंतीजवळ उभ्या राहिलो, पण रस घेतला नाही. रविवारची पिशवी माझ्या डोळ्यांपुढे होती.

मग मला रेडिओवाला मिस्तरी आठवला. मशिदीमागच्या गल्लीत त्याचं लहान दुकान होतं. घरधन्यांचा रेडिओ दर वर्षी पडावातून आला की त्याच्याकडे जायचा, कारण त्यात उसाची धूळ आणि मुंग्या भरलेल्या असायच्या. जिवंत आहे की नाही, माहीत नव्हतं. जाऊन पाहिलं. दुकान तेच, मिस्तरी तोच, दाढी पांढरी. आत रेडिओ एकच, बाकी कंप्युटरच्या पेट्या पोट उघडून ठेवलेल्या.

त्याने मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "मिस्तरी, मुंग्यांचा रेडिओ."

"अरे भाभी!" तो उभा राहिला. "भाई कहाँ है?"

मी वर बोट केलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "भाई ने मेरे को एक दिन दो गाने के लिए खडा रखा था. बीच में बातम्या आ गये. बोले, बातम्या होने दो, दूसरा गाना अभी बाकी है."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्याबद्दल कोणी काही नवीन सांगितलं. मला ते बातम्यांचं माहीत नव्हतं.

सुनेने त्याला सगळं सांगितलं, दुकानातलंही. मला वाटलं, आता हाही रागावेल. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "उसका माल मैंने देखा नहीं, तो उसको बोल नहीं सकता. पर बाजार में ऐसा आता है, बेटी. जुन्या कार्डावर नवं नाव चिकटवतात. कंप्युटरलाही खोटं बोलायला शिकवतात. लावलं की म्हणतं, मी चार जीबी आहे. काम दिलं की एका जीबीतच दम टाकतं."

"मंग ते डुप्लिकेटच," मी म्हटलं.

"हां भाभी. आपने बराबर चीज मांगी, बराबर जगह मांगी."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझ्या हातातून काढून स्वतः धरली.

मिस्तरी म्हणाला, "पुराना लाये क्या?" मी पोलकं सोडलं. जळालेलं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सुनेकडे बघितलं. तिने मान वळवली. मिस्तरीने ते उजेडात धरलं. "ह्याला वेगळी तार नाही लागत. म्हणजे तुमच्या पेटीचा विजेचा सप्लाय गरीब आहे. मोठं कार्ड लावलं तर आज चालेल, महिन्याने सप्लाय घेऊन मरेल. आणि लांबी एवढीच पाहिजे, नाहीतर पेटीत मावणार नाही." सून मोबाईलमध्ये एका मोठ्या जुन्या कार्डाचं चित्र घेऊन आली होती. स्वस्तात मिळत होतं ते. तिने गुपचूप मोबाईल पर्समध्ये टाकला.

त्याच्याकडे बसणारी दोनच कार्डं होती, दोन्ही वापरलेली. एक लखलखीत, जसं आताच डब्यातून काढलं. दुसऱ्यावर पंख्यात धूळ, कडेला पेनाने कोणीतरी आकडा लिहिलेला, पंखा फिरवला तर किरकिर. भाव सारखाच. सुनेचा हात लखलखीताकडे गेला. कोणाचाही गेला असता.

मी ते घेतलं आणि नाकाशी नेलं. वरून रंगवाल्यांच्या दुकानासारखा वास, आणि त्याच्या खाली आमच्या जळालेल्या कार्डाचा वास. बारीक, पण होता. दुसरं घेतलं. नुसती धूळ. आमच्या ओट्यावरच्यासारखी.

पथारीवर कोणी कोणी ओल्या मिरचीवर तेलाचा हात फिरवायचे. मग ती अशी चमकायची की नवीन बाई फसायची. आम्ही मूठभर उचलून कानाजवळ हलवायचो. वाळलेली मिरची सुरकुतलेली, अंगाने मळकी, पण आत बी खुळखुळतं. तेलाची मिरची हलवा, आवाज नाही. आणि पोत्यात आठ दिवसांनी तीच सगळ्यांना बुरशी लावते.

मी म्हटलं, "मिस्तरी, याले तेल लायेल शे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भाभी, झूट काहे को बोलू. धोयेला है वो. इंटरनेटवाले सिक्के बनाने की मशीन में दिन-रात चला हुआ. बेटी उठाती तो मैं बोलनेवाला था." कंप्युटर सिक्के कसे बनवतो ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. दिवसरात्र राबलेलं होतं, तेवढं समजलं. राबलेलं अंग आंघोळ घालून परत कामाला लावलं तर किती टिकेल, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

"आणि हे दुसरं?"

"टायपिंगच्या दुकानातून निघालं. अक्षरंच दाखवलीत त्याने आयुष्यभर. पंख्याला तेल देतो, आतला गार ठेवायचा मलम बदलतो."

"तेल पंख्याले द्या, वरतून नका देऊ," मी म्हटलं.

त्याने ते साफ केलं, आपल्या पेटीत लावलं. सुनेने कार्ड जळायच्या आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवलेलं तेच अर्धं लग्न आणलं होतं. पडद्यावर मंडप आला, डोंगराकडचं लग्न, ढोल, फुंकून वाजवायची पावरी, बाया हात धरून नाचत होत्या. मिस्तरी म्हणाला, "एक घंटा चलने दो." आम्ही बसलो. मिस्तरीने चहा मागवला. एका तासात तीच नवरी कितीतरी वेळा मांडवात आली. मला पथारीवरच्या बाया दिसायला लागल्या. आम्हीही अशाच एका ओळीत बसायचो. त्यांतल्या अर्ध्या आता नाहीत, एक सुनेच्या माहेरच्या गावात आहे, तिला ऐकू येत नाही.

मग मी म्हटलं, "मिस्तरी, लाल बराबर नही दिसी ऱ्हायना."

सून म्हणाली, "बराबर तर शे, आत्याबाई."

"नही. नवरीना शालू काळसर लाल दिसी ऱ्हायना. पानीमा भिजेल मिरचीना मायक." मी आयुष्यातली किती वर्षं लाल रंग निवडला. मला लाल कोणी शिकवू नये.

मिस्तरी पडद्याजवळ गेला, मागे हात घातला, तार काढली, परत दाबून बसवली. शालू उजळला. "तार ढिली थी," तो म्हणाला. "भाभी, तुम मेरे दुकान पे बैठो."

"पगार काय?"

"चाय."

"मंग नही परवडत."

तास पूर्ण झाला. पंखा किरकिरला नाही, पडद्यावर चौकोन आले नाहीत. हात लावून पाहिलं, गरम होतं, पण ताप असलेल्या अंगाइतकं नाही. मिस्तरीने कागदावर लिहून दिलं की महिन्यात काही झालं तर आणा. आणि सांगितलं, "ये मरेला यहाँ छोड के जाओ, भंगार में डालता हूँ." मी पोलकं परत गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. सुनेनेच यावेळी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा नात ओट्यावर अभ्यास करत होती आणि नणंद तिला चुकीचे पाढे सांगत होती. सुनेने हातपाय धुतले, पेटी आडवी केली, कार्ड बसवलं, खिळा फिरवला. बटन दाबलं. काळं. थोडा वेळ काळंच. नणंद म्हणाली, "व माय, हाईबी मढंच आनं का?" मग उजेड झाला. सुनेने दोन्ही हात खुर्चीवर ठेवले आणि डोळे मिटून बसली. मी लसूण सोलायला बसले, बुधवारचा राहिला होता.

शनिवारी दुपारी कॅमेरावाला लग्न घेऊन गेला आणि दुसरं देऊन गेला.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला. "आई, उद्या कोनती गाडीवर येऊ?"

मी फोन सुनेला दिला. ती म्हणाली, "या ना. पन एकला जाज्या. पोरनी शाळा शे नि मन्हं काम शे."

तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिने थोडा वेळ ऐकलं आणि हसली. म्हणाली, "तुमनी मायले इचारा. तिनीच निवडं." तो आला रविवारी. पेटी बघितली, पडद्यावर नवीन लग्न बघितलं, पोरीचं वहीतलं अक्षर बघितलं. जाताना ओट्यावर मला म्हणाला, "आई, त्या दिवशी तू बोलनी ते खरं व्हतं. मी शिकी जातू." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझी मूठ मिटत नाही, पण हात फिरवायला ती लागत नाही.

खुंटीवरची पिशवी नणंदेने नेली. तिचे पापड तिच्या पिशवीत मावत नव्हते. "परत आनसू," असं म्हणाली. आणू नको, असं मी म्हटलं.

जळालेलं कार्ड आता माझ्या पेटीत आहे. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये तो जुना दोन बोटांचा कोपराही मी अजून ठेवलेला आहे, त्याच्याच बाजूला. हे मी बोलते आणि सून त्याच कंप्युटरवर लिहिते. मध्ये मध्ये मन्हं 'शे' ती 'आहे' करून टाकते. करू दे.

वाचणाऱ्याजवळ एकच मागणं आहे. तुमच्या घरी एखादं काढून ठेवलेलं, पण चालू कार्ड पडलेलं असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. धुऊ नका. तसंच तुमच्या गावातल्या मिस्तरीकडे नेऊन द्या.